चढणाऱ्याला आधी वाट

१

त्या गावाच्या पुढे रस्ता जात नव्हता. पूर्वी जायचा म्हणे. आता गावाच्या टोकाला एक लाल-पांढरा अडसर होता, अडसराशेजारी एक खोली, खोलीत एक शिपाई आणि शिपायाच्या पायाशी त्याचं कुत्रं. अडसरापलीकडे दुसरा देश. दोन्ही देशांत भांडण नव्हतं आणि गोडवाही नव्हता, त्यामुळे शिपाई दिवसभर बसून लोकरीचे स्वेटर विणायचा. निम्म्या गावाच्या अंगात त्याचे स्वेटर होते. उरलेल्या निम्म्यांची मापं घेऊन झाली होती.

खालच्या शहराशी गावाला जोडणारा रस्ता एकच, आणि त्यावर धावणारी जीपही एकच. ती चालवायची सूनबाई. तिलाही नाव होतं, पण ते कुणाला कधी लागलं नाही. जीप मूळची तिच्या सासऱ्यांची, आप्पांची. आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि एके दिवशी ते मैलाच्या दगडाला म्हैस समजून बराच वेळ हॉर्न वाजवत बसले, तेव्हा घरात बैठक झाली. मुलगा रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचा, त्याला सवड नव्हती.

"मी चालवते," सून म्हणाली.

"तू?" आप्पा म्हणाले.

"मैलाचा दगड मला दगडच दिसतो."

विषय तिथे संपला. आप्पा मात्र जीपमधून उतरले नाहीत. ते चालवायच्या सीटवरून शेजारच्या सीटवर सरकले, एवढाच काय तो बदल. कुणाला कुठे बसवायचं, कुणाचं बोचकं टपावर टाकायचं, कुणाला उलटी होते म्हणून खिडकी द्यायची, सगळा कारभार त्यांचा. सकाळी जीप भरून खाली, दुपारी जीप भरून वर. वाटेत गप्पा, चेष्टामस्करी, एकमेकांच्या घरातल्या भानगडी. शहरात जाऊन परत आलेला माणूस शहरापेक्षा जीपच्याच गोष्टी जास्त सांगायचा.

गावाच्या अलीकडे शेवटचं अवघड वळण होतं. त्याला सगळे कोपर म्हणायचे, कारण दुमडलेल्या हातासारखा तिथे रस्ता एकदम मोडायचा. एका अंगाला उभा कडा, दुसऱ्या अंगाला खोल दरी आणि मध्ये एकाच गाडीपुरती वाट. पलीकडचं काही म्हणजे काही दिसायचं नाही. तिथे रीत ठरलेली: आधी हॉर्न द्यायचा, कानोसा घ्यायचा, मग जायचं. समोरून कुणी असलंच तर चढणाऱ्याला आधी वाट.

वर्षानुवर्षं खालचा रस्ता खडीचा होता आणि जीप अशी खडखडायची की कानाशी ओरडून बोलावं लागे. त्या वर्षी नवं डांबर कोपराच्या पायथ्यापर्यंत आलं. खडखड थांबली. लोकांना पहिल्यांदाच कळलं की जीपच्या इंजिनाचा आवाज बरा आहे, आणि आप्पा गुणगुणतात.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी वर येताना सूनबाईनं कोपरावर हॉर्न दिला. पलीकडून हॉर्न आला. आप्पांनी आभाराचा हात वर केला. तिनं गिअर टाकला, वळण घेतलं. पलीकडे कुणी नव्हतं. तिथून गावापर्यंतचा रस्ता सरळ, उघडा, सगळा नजरेत. त्यावर एक शेळीसुद्धा नव्हती.

ती तशीच पुढे गेली. घरं दिसायला लागली तेव्हा तिच्या डोक्यात आलं, गावात चारचाकी एकच. ती तर आपल्याच हाताखाली आहे. मग वाजवला कुणी?

२

"प्रतिध्वनी," दुसऱ्या दिवशी शाळेचे मास्तर मागच्या बाकावरून म्हणाले. "समोर कडा आहे. आवाज जातो, आपटतो, परत येतो. यात काय आहे?"

सूनबाईला हायसं वाटलं. खरंच, यात काय आहे? तिला स्वतःलाही हेच सुचलं होतं, पण शिकल्या माणसाच्या तोंडून ऐकलं की जरा पक्कं वाटतं.

"पण मास्तर, मी दोनदा वाजवलं तर?"

"दोनदा येईल."

तिनं दोनदा वाजवलं. पलीकडून एकदाच आला. लांब, सावकाश, म्हाताऱ्या माणसानं 'होऽ' म्हणावं तसा.

"कडा ओबडधोबड आहे," मास्तर म्हणाले. "एखादा आवाज गिळला असेल."

"मास्तर, कडा गिळतो का तुमच्या पोरांसारखा?" शिंपीणकाकू म्हणाल्या. "पाढा दहापर्यंत म्हणतात आणि मधले चार गिळतात!"

सगळे हसले. शिंपीणकाकू म्हणजे जीपचा प्राण. आठवड्यातून दोनदा शहरात कापड आणायला जायच्या, आणि त्या नसल्या की लोक म्हणायचे, आज जीप हलकी लागतेय. त्यांच्या वजनाबद्दल नाही, बोलण्याबद्दल. वजनाबद्दल बोलायची कुणाची टाप नव्हती.

घरी आल्यावर सूनबाईनं चुलीपुढे आप्पांना विचारलं, "आप्पा, कोपरावर तुम्ही हात कुणाला करता?"

"वाट देतो त्याला."

"कोण देतं?"

"आता ते मला काय ठाऊक? पलीकडे असतो कुणीतरी. आपण चढतीला असतो, तो थांबतो. सभ्य आहे बिचारा. माझ्या सबंध हयातीत कधी आडवा आला नाही."

"पण आप्पा, वळल्यावर तिथे कुणी नसतं."

आप्पांनी कप खाली ठेवला, जरा विचार केला. "नसतं खरं," ते म्हणाले. "पण वाट देणाऱ्याला हात केला तर आपला हात काय झिजतो?"

ती हसली. हसता हसता तिनं चुलीतलं ओलं लाकूड आत सारलं.

३

सूनबाईचा स्वभाव असा, की दुधात काडी दिसली तर ती बाहेर काढल्याशिवाय दूध पिणार नाही. प्रतिध्वनी आहे ना? मग तो आपल्याच आवाजाचा असणार. जीपचा हॉर्न जुना होता, घसा बसलेल्या कावळ्यासारखा वाजायचा. तिनं शहरात मेकॅनिककडे जीप नेली आणि नवा हॉर्न बसवून घेतला. खणखणीत, दुहेरी सुरांचा, आगगाडीची आठवण यावी असा.

"जुना नेतेस का?" मेकॅनिकनं विचारलं.

"ठेव तुझ्याकडे. कावळे बोलवायला होईल."

त्या दुपारी जीपमध्ये नव्या हॉर्नची नवलाई होती. प्रत्येक वळणावर लोक म्हणत, वाजव वाजव. मास्तरांनी तर सूर ओळखायचा प्रयत्न केला. कोपर आलं. सूनबाईनं गाडी जवळजवळ थांबवली आणि बटण दाबलं. दोन सूर कड्यावर आपटले, दरीत विरले.

मग पलीकडून उत्तर आलं. घसा बसलेल्या कावळ्याचं.

तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. लहानपणापासून त्याच आवाजावर त्यांनी चपला घालून दाराबाहेर धाव घेतली होती.

"अगं," शिंपीणकाकू म्हणाल्या, "हा तर आपलाच."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि खिडकीबाहेर बघत बसले. आप्पांनी हात वर केला.

पुढच्या फेरीला ती सरळ मेकॅनिककडे गेली. जुना हॉर्न भंगाराच्या पेटीत, वरच पडला होता. तिला बरं वाटलं. आणि का बरं वाटलं ते तिलाच कळेना.

"एकदा वाजवून दाखव."

मेकॅनिकनं दोन तारा बॅटरीला लावल्या. ठिणगी उडाली. हॉर्नचा पत्रा हातात थरथरला, चांगला थरथरला, पण आवाज म्हणून आला नाही. त्यानं तारा उलटसुलट केल्या. पत्रा थरथरत राहिला, ओठ हलावेत तसा.

"काढला तेव्हा तर वाजत होता," मेकॅनिक डोकं खाजवत म्हणाला. "आवाज गेला बघ याचा."

"कुठे?" तिच्या तोंडून निघून गेलं.

मेकॅनिक हसला. ती पण हसली. दुसरं काय करणार?

४

गावात तर दिवाळी नसताना दिवाळीसारखी गडबड होती. रस्ता पूर्ण होत आला होता. सूनबाईचा नवरा रोज संध्याकाळी मोटरसायकलवरून यायचा तो डांबराचा वास घेऊन, आणि जेवताना ताटातल्या बटाट्यांवर रस्ता आखून दाखवायचा. "हा डोंगर. हे कोपर. इथे आम्ही डोंगरच फोडलाय. आता कोपराला जायची गरज नाही. सरळ आरपार! दोन गाड्या हसत खेळत शेजारून जातील."

"आणि जुनं वळण?"

"त्याला दगड लावून बंद करणार. हवंय कशाला?"

समारंभ ठरला. साहेब येणार, फीत कापणार, नव्या खिंडीतून पहिली गाडी म्हणून सूनबाईची जीप जाणार. शिंपीणकाकू फितीचं कापड शिवत होत्या. शिपायानं जीपच्या स्टिअरिंगसाठी लोकरीचं कव्हर विणायला घेतलं. मास्तर पोरांकडून गाणं बसवून घेत होते आणि गाण्यातले मधले शब्द पोरं गिळत होती.

सूनबाई सगळ्यांत होती. भांडी घासताना गाणं म्हणत होती. कोपर बंद होणार म्हटल्यावर तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. पण दुपारच्या फेरीत ते वळण अजून घ्यावंच लागे, आणि तिथे आता काहीतरी घाई लागली होती. आधी हॉर्नला उत्तर सावकाश यायचं. मग लगेच यायला लागलं. मग एकदा तिनं बटणावर अंगठा ठेवला, दाबलाही नव्हता, तोच पलीकडून आवाज आला.

आणि हॉर्नच्या मागे आणखीही काही ऐकू यायचं. इंजिन म्हणावं तर इंजिन नाही. बाजाराच्या दिवशी भरलेली बस स्टँडवर उभी असते ना, आतली माणसं खुशीत असतात, सुटायची वाट बघत असतात, त्यांचा एक मिळून आवाज येतो, तसं. शब्द एकही कळत नाही. नुसती मजेची कुजबुज.

"किती माणसं असतील गं?" एकदा शिंपीणकाकू सहज म्हणाल्या.

"कशात?"

काकू गोंधळल्या. "कशात म्हणजे? कशात नाही. मी आपली बोलले."

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी आप्पा न्हाऊन, धुतलेला सदरा घालून जीपपाशी आले.

"सूनबाई, आज कोपराची शेवटची चढती," ते म्हणाले. "उद्यापासून आपण नव्या वाटेनं. मला एक वाटतं. मनात सलतंय."

"काय?"

"आयुष्यभर त्यानं आपल्याला वाट दिली. एकदाही आपण दिली नाही. उद्या दगड लावतील, मग तो तिथेच. माणूस म्हणून काही असतं की नाही? आज त्याला आधी जाऊ देऊ."

ती नाही म्हणाली. चक्क नाही म्हणाली. आप्पांनी वाद घातला नाही. नुसते सीटवर बसले आणि सबंध उतार गप्प राहिले. गुणगुणलेही नाहीत. शहरात त्यांनी चहाला नको म्हटलं. सूनबाईला लग्न होऊन आल्यापासून ते असे कधी दिसले नव्हते. गाडी शिकताना तिनं त्यांची जीप दोनदा कड्याला घासली होती, तेव्हासुद्धा ते हसलेच होते.

आणि खरं सांगायचं तर तिलाही बघायचं होतं. भरदुपार, लख्ख ऊन, जीपमध्ये भरलेली माणसं, उद्या सगळं बंद. आज नाही बघितलं तर जन्मभर ती काडी दुधात राहणार.

"बरं आप्पा," परतीला ती म्हणाली. "पण एकदाच."

म्हातारा असा खुलला, की मागच्या बाकावरच्या लोकांनाही कारण न कळता बरं वाटलं.

५

कोपराच्या अलीकडे कड्यात एक खोबण होती, एक गाडी अंग चोरून उभी राहील एवढी. सूनबाईनं जीप तिच्यात घातली. मागे मास्तर होते, शिंपीणकाकू होत्या, समारंभाच्या खुर्च्या होत्या, आणि खुर्च्यांवर कागदी पताकांचा ढीग. तिनं लोकांना सांगितलं, समोरून गाडी आहे, तिला आधी जाऊ देऊ. कुणी विचारलं नाही, कुठली गाडी.

आप्पा काठी टेकत कोपराच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. तिथून त्यांना दोन्हीकडचं दिसणार होतं. दिसणार म्हणजे त्यांच्या डोळ्यांना जेवढं दिसेल तेवढं. सूनबाईला फक्त आप्पा दिसत होते, बाजूनं, उन्हात.

तिनं हॉर्न दिला. उत्तर आलं. ती हलली नाही. थोड्या वेळानं परत उत्तर आलं, या वेळी प्रश्नासारखं.

"ये रे बाबा!" आप्पा ओरडले. "आज तू आधी!"

सगळं शांत झालं. दरीतला वाराही. मग बारीक खडी चाकाखाली चुरडते तसा आवाज सुरू झाला, अगदी हळू. आप्पांनी हात उचलला आणि अरुंद रस्त्यावर ड्रायव्हरला मागून-पुढून वाट दाखवतात तसे बोटं हलवायला लागले.

"येऊ दे... येऊ दे... जागा आहे... येऊ दे..."

त्यांचा चेहरा हसरा होता. पाहुण्याला दारात घ्यायला गेल्यासारखा. मग त्यांची मान थोडी वर झाली. मग आणखी वर. टपाएवढ्या उंचीवर नजर थांबेल असं सूनबाईला वाटत होतं, पण मान वर वर जात राहिली, टोपी मागे पडली, तरी आप्पा वरच बघत होते.

"थांब!" ते एकदम म्हणाले आणि हाताचा पंजा उभा केला.

आवाज थांबला. आप्पा कान देऊन काहीतरी ऐकत होते. त्यांचे ओठ हलले. मान डोलली. त्यांनी काहीतरी उत्तर दिलं, ते इथे ऐकू आलं नाही. मग ते कड्याला पाठ लावून, पोट आत घेऊन उभे राहिले आणि सूनबाईकडे वळून हातानं खूण केली, काचा वर घे.

तिनं काच वर घेतली. मास्तरांनी मागची घेतली. त्याच क्षणी धूळ आली.

ऊन तपकिरी झालं. जीप कड्याकडे जराशी कलली, गर्दीत एखादा जाडा माणूस अंग घासत जातो तशी. आणि ते जाऊ लागलं. खुर्च्या खुळखुळत होत्या, पताका सळसळत होत्या, आणि काचेपलीकडून ती कुजबुज चालली होती, हसरी, गोड, शेकडो तोंडांची. एक गाडी जायला जेवढा वेळ लागतो तेवढा झाला. मग दहा गाड्यांना लागावा तेवढा झाला. तरी ते जातच होतं.

सूनबाईच्या काचेवर बाहेरून एक हात आला. वाफ धरलेली काच आपण पुसतो तसा त्यानं धुळीत एक गोल पुसला. तिला डोळे मिटायचे होते. मिटले नाहीत. गोलातून चेहरा दिसला नाही. दिसली ती दुसरी काच, अगदी जवळून सरकणारी, आणि तिच्या आत एक लांब बाक. बाकावरचं कुणीतरी अंग आवरून बाजूला सरकत होतं आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हातानं थोपटत होतं. या, बसा.

"आले, आले," मागून शिंपीणकाकू म्हणाल्या.

सूनबाईनं वळून बघितलं. काकू हसतमुखानं अर्ध्या उठल्या होत्या. कापडाची पिशवी त्यांच्या खांद्याला होती. दुसरा हात दाराच्या कडीवर.

"काकू!"

"अगं, जागा धरलीये त्यांनी. किती वेळ थांबतील बिचारे?"

कडी खाली झाली. सूनबाई सीटवरून मागे झेपावली, गिअरवर तिचा गुडघा आपटला. तिनं काकूंचं मनगट धरलं. मास्तरांनी काकूंच्या कमरेला मिठी मारली, ज्या माणसानं आयुष्यात बाईकडे मान वर करून बघितलं नव्हतं त्या मास्तरांनी. काकूंची ताकद भलतीच. तिघं मिळून खुर्च्यांवर कोसळली.

दार बोटभर उघडलं होतं. फटीतून हसणं आत आलं, आणि लोकरीसारखी ऊबदार हवा. सूनबाईला एवढं चांगलं वाटलं की तिला रडू आलं. तिनं पायानं दार ओढून घेतलं.

मग ऊन परत पिवळं झालं.

"जमलं!" आप्पांचा आवाज आला. "जाऊ दे सरळ!" आणि कंडक्टर गाडीच्या पत्र्यावर मारतात तशा त्यांनी कड्यावर दोन थापा मारल्या.

काकू पताकांत बसून डोळे चोळत होत्या. "मला वाटलं आपला स्टॉप आला," त्या म्हणाल्या, आणि मग मास्तरांचे हात कुठे आहेत ते त्यांच्या लक्षात आलं. "मास्तर! काय हे!"

मास्तर लाल झाले. काकू हसायला लागल्या, इतक्या की मास्तरांनाही हसू फुटलं. सूनबाई हसली नाही. ती आरशात बघत होती. खाली जाणारा रस्ता काळाभोर, कोरा, उन्हात चमकत पडला होता. त्यावर धुळीचा कण नव्हता. चाकाची खूण नव्हती.

आणि त्याच रस्त्यानं आज तिचा नवरा वर येणार होता.

६

गावात पताका लागल्या. पोरांची गाण्याची तालीम चालली होती. सूनबाई अंगणात खाटेवर बसून रस्त्याकडे बघत होती. ऊन अडसराच्या पलीकडे गेलं, डोंगराच्या माथ्यावर गेलं. आप्पा शेजारी बसून पाव चहात बुडवून खात होते, आनंदात, पाय हलवत.

मोटरसायकलचा आवाज आला तेव्हा ती उठून धावली. नवरा होता. धड होता. हसत होता.

"एवढा उशीर?" तिनं त्याचा दंड धरला. तिला सोडवेना.

"अगं हो, हो. सोड, लोक बघतायत." तो खाटेवर बसला. "काय रस्ता झालाय म्हणून सांगू! आणि खालच्या गावांतली माणसं, त्यांनी तर आजच समारंभ मांडलाय. सगळे घराबाहेर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभे. म्हातारे, बाया, दुकानदार, सगळे. हसतायत आणि असं करतायत." त्यानं हात उचलला आणि बोटं हलवली. "येऊ दे, येऊ दे. मला वाटलं माझंच स्वागत. मी गाडीवरून नमस्कारसुद्धा केला. पण माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. सगळे खाली, शहराकडे बघत होते."

"तुम्हांला वाटेत... काही भेटलं का? समोरून?"

"छे. रस्ता मोकळा. एकदाच धूळ आली, एवढी की गाडी कडेला घ्यावी लागली. नव्या डांबरावर धूळ कुठून यावी, सांग." तो खांदा चोळायला लागला. "तिथे मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. हात मात्र भरून आलाय बघ. उचलवत नाही."

तिनं बघितलं. दुसऱ्या हातानं तो खांदा चोळत होता आणि मांडीवर ठेवलेल्या त्या दुखऱ्या हाताची बोटं बारीक हलत होती. त्याच्या ध्यानातही नव्हतं.

ती आप्पांकडे वळली. "आप्पा, तुम्ही त्याला थांबवलंत तेव्हा ते तुमच्याशी काय बोललं?"

"काही नाही गं. साधंच. विचारलं, पुढे रस्ता कसा आहे?"

"मग?"

"मी म्हटलं, आता काय बघायचं नाही. थेट शहरापर्यंत डांबर. आमच्या पोरानं रोलर फिरवलाय." आप्पांनी कौतुकानं मुलाकडे बघितलं. "खूश झालं. मग म्हणालं, मागे बाकीचे खोळंबलेत, त्यांनाही बोलावू का?"

शाळेतलं गाणं थांबलं होतं. शिपायाचं कुत्रं अडसराखालून अंग चोरून, पोट जमिनीला लावून घरांच्या दिशेनं येत होतं.

"आणि तुम्ही काय सांगितलंत, आप्पा?"

आप्पांनी उरलेला पाव चहात बुडवला.

"म्हटलं, बोलाव की," ते म्हणाले. "रस्ता काय कुणाच्या बापाचा आहे?"